परसातली कोंबडी घरी कापताना : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

परसातील कुक्कुटपालनाविषयी या सदराकडे येणारी पत्रे बहुधा पिल्लांची निवड, लसीकरण आणि खाद्य यांविषयी असतात. पाळलेला पक्षी शेवटी कापायचा कसा, हे मात्र क्वचितच कोणी लेखी विचारते, आणि म्हणूनच बहुतेक घरांत ते काम घाईने, ऐकीव माहितीवर आणि बोथट सुरीने उरकले जाते. या वेळी त्याच विषयावरची पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण बाकीच्या बऱ्याच शंका त्यातच मिटतात.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात आम्ही गिरिराज जातीची पिल्ले आणली. त्यांतील माद्या अंड्यांसाठी ठेवायच्या आहेत. नर मात्र आता मोठे झाले असून आपसांत झुंजतात, तलंगांना ओरबाडतात आणि खाद्यही फार खातात. आजवर आम्ही कोंबडी दुकानातूनच कापून आणत आलो. पूर्वी गावचे मुलाणी घरी येऊन कोंबडा हलाल करून देत, असे सासूबाई सांगतात. आता गावात ते काम करणारे कोणी उरलेले नाही. यजमानांनी आणि मी हे काम स्वतःच करायचे ठरवले आहे, परंतु ऐन वेळी हात थरथरेल आणि मुक्या जिवाचे हाल होतील, ही भीती मनातून जात नाही. पक्ष्याला कमीत कमी त्रास होईल अशी पद्धत सुरुवातीपासून सांगाल का?
— एक वाचक, तालुका संगमेश्वर, जि. रत्नागिरी

उत्तर : ताई, ही भीती वाटते आहे हे चांगलेच आहे, ज्याला ती वाटत नाही तो तयारी करत नाही. पक्ष्याचे खरे हाल सुरी फिरण्याआधीच्या तासाभरात होतात. अंगणभर त्याचा पाठलाग केला जातो, पकडल्यावर पाय धरून उलटे लोंबकळत नेले जाते, पाय बांधून उन्हात टाकून ठेवले जाते, आणि मग कोणीतरी सुरी शोधायला घरात जाते. यांतील एकही गोष्ट अपरिहार्य नाही. ती सगळी टाळली, तर उरलेले काम काही सेकंदांचे असते.

कामाची सुरुवात आदल्या संध्याकाळी करावी. अंधार पडल्यावर कोंबड्यांना नीट दिसत नाही आणि त्या जागच्या जागी बसून राहतात. त्या वेळी खुराड्यातून निवडलेला कोंबडा आवाज न करता उचलून वेगळ्या डालग्याखाली किंवा खोक्यात ठेवावा. त्याला खाद्य देऊ नये, पाणी मात्र शेवटपर्यंत द्यावे. आठ ते बारा तास पोट रिकामे राहिले की गळ्याजवळची चाऱ्याची थैली आणि आतडी हलकी होतात, त्यामुळे पुढे साफ करताना मांसाला घाण लागत नाही. बारा तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवण्यात काहीच लाभ नाही. पक्षी उगाच व्याकूळ होतो आणि आतडी नाजूक होऊन लवकर फाटतात.

सकाळी उजाडण्याच्या सुमारास, ऊन चढण्याआधी, काम करावे. पक्ष्याला हात लावण्यापूर्वी सगळे साहित्य जागेवर हवे : धार लावलेली सुरी, रक्तासाठी भांडे, गरम पाणी, स्वच्छ पाट किंवा फळी, आणि मदतीला दुसरा माणूस. जागा अशी निवडावी की खुराड्यातील बाकीच्या पक्ष्यांना ती दिसणार नाही आणि कुत्री तिथवर येणार नाहीत.

कोंबडा उचलताना दोन्ही पंख अंगाशी दाबून, दोन्ही हातांनी धरावा आणि छाती आपल्या हातावर टेकवून, अंगाशी घेऊन चालावे. डोक्यावर हलके फडके टाकले की तो बहुधा निमूट राहतो. पायांना धरून उलटा नेण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की ती कोणाला खटकत नाही. मला ती फार खटकते. कोंबडीच्या शरीरात आपल्यासारखा छाती आणि पोट वेगळे करणारा श्वासपटल नसतो. ती उलटी झाली की पोटातील अवयवांचा भार श्वसनाच्या अवयवांवर येतो, आणि बाजारापासून घरापर्यंत ती त्याच अवस्थेत धापा टाकत येते.

याच कारणाने पुढच्या साधनाविषयीही एक पथ्य सांगतो. सुरी फिरवताना पक्षी स्थिर राहावा म्हणून नरसाळ्याच्या आकाराचे पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे साधन वापरतात. घरी ते खाद्यतेलाच्या पाच लिटरच्या रिकाम्या कॅनपासून करता येते. कॅनचा तळ कापून टाकावा, तोंडाकडचा भाग पक्ष्याचे डोके आणि मान सहज बाहेर येतील इतका मोठा करावा, कापलेल्या कडा घासून बोथट कराव्यात आणि कॅन कमरेच्या उंचीवर खांबाला खिळ्यांनी पक्का बसवावा. पक्षी त्यात डोके खाली करून सोडला की पंख अंगाशी मिटलेले राहतात, तो फडफडून स्वतःला इजा करून घेत नाही आणि तुमचे दोन्ही हात मोकळे राहतात. दोन किलोपर्यंतच्या पक्ष्याला हा आकार बेताचा पुरतो. तुमचे कोंबडे त्याहून जड असतील तर मोठा कॅन घ्यावा, कारण आत कोंबलेला पक्षी घाबरतो आणि सैल राहिलेला निसटतो. पथ्य हे, की सुरी हातात घेतल्यावरच पक्षी नरसाळ्यात सोडायचा. तो उलटा राहण्याचा काळ काही क्षणांचाच असला पाहिजे.

सुरीविषयी मी हटवादी आहे. भाजी चिरायची घरातली सुरी चालणार नाही आणि विळीचा तर विचारही करू नये. साधारण १२ ते १५ सेंटिमीटर लांबीचे, सरळ, पातळ आणि न वाकणारे पाते हवे, आणि त्याला धारेच्या दगडावर त्याच दिवशी धार लावलेली हवी. धार पाहण्यासाठी वर्तमानपत्राचा कागद एका हाताने हवेत धरावा आणि दुसऱ्या हाताने त्यावरून सुरी फिरवावी. कागद न चुरगळता, न फाटता सरळ कापला गेला तर धार पुरेशी आहे. तीक्ष्ण पात्याची जखम स्वच्छ होते, रक्त अडखळत नाही आणि जोर लावावा लागत नाही. हात थरथरण्याची जी भीती तुम्ही लिहिली आहे, तिच्यावर चांगल्या धारेइतका दुसरा उपाय नाही.

आता मुख्य भाग. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रोहिण्या कोंबडीच्या मानेत मणक्यांच्या पुढच्या बाजूला, स्नायूंच्या आड, एकमेकींना लागून खोलवर असतात. डोक्याजवळ आल्यावरच त्या वेगळ्या होऊन वर येतात. म्हणून काप मानेच्या मध्यावर किंवा छातीजवळ न घेता जबड्याच्या लगेच खाली घ्यायचा. मानेच्या मध्यावर वरवर कापले, तर बाहेरच्या शिरा तेवढ्या तुटतात, रक्त वाहताना दिसते, पण मेंदूचा रक्तपुरवठा चालूच राहतो आणि पक्षी बराच वेळ शुद्धीत राहतो. नवशिक्यांकडून होणारे बहुतेक हाल या एका कारणाने होतात.

डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटांनी डोके मागून धरावे, मान किंचित ताणावी, गळ्यावरची पिसे बोटाने बाजूला करून कातडी दिसू द्यावी. पिसांवरून सुरी घसरते. मग जबड्याच्या खाली गळ्यावर आडवी सुरी टेकवून, दाबून ओढत, एकाच दमात पार मणक्यापर्यंत कापावे. मणका तोडायचा नाही. या एका कापात दोन्ही बाजूंच्या रोहिण्या, शिरा, श्वासनलिका आणि अन्ननलिका तुटतात. रक्ताची धार दोन्ही बाजूंनी जोरात यायला हवी. ती तशी आली नाही तर थांबून एकमेकांकडे पाहू नये. त्याच जागी त्याच क्षणी पुन्हा खोल कापावे. अशा वेळी दया म्हणजे उशीर न करणे.

दोन्ही रोहिण्या नीट तुटल्या, तर साधारणपणे दहा-पंधरा सेकंदांत, कधी थोड्या अधिक वेळात, पक्ष्याची शुद्ध हरपते. तोवर डोके हलकेच धरून ठेवावे, म्हणजे जखमेच्या कडा मिटून रक्त अडत नाही आणि जखम कशाला घासत नाही. त्यानंतर पूर्ण दीड मिनिट काहीही करू नये. ब्रिटनमध्ये भूल न देता कापलेल्या कोंबडीला पुढच्या कामासाठी हात लावण्यापूर्वी किमान ९० सेकंद थांबण्याचा नियम आहे, आणि तो घरातही पाळावा असा आहे. दोन किलोच्या पक्ष्याचे अर्धी वाटी रक्त बाहेर येते. त्याहून जास्त येत नाही म्हणून काळजी करू नये.

पहिल्या दिवशी एकच कोंबडा कापावा. त्याआधी एकदा दुकानातून डोके-मान न तोडलेली कापलेली कोंबडी आणून जबडा कोठे संपतो, मणका बोटाला कोठे लागतो आणि मऊ भाग किती आहे, हे दोघांनीही चाचपून पाहावे. छापलेल्या वर्णनापेक्षा बोटांनी झालेली ही ओळख ऐन वेळी अधिक उपयोगी पडते.

सासूबाईंनी सांगितलेल्या मुलाण्यांच्या पद्धतीबद्दलही लिहिले पाहिजे. गावगाड्यात पिढ्यान्‌पिढ्या हे काम त्यांच्याकडे होते, आणि शेजारच्या हिंदू घरांतूनही त्यांनाच बोलावणे जात असे. डोके वेगळे न करता, तीक्ष्ण सुरीने, एकाच ओढीत श्वासनलिका, अन्ननलिका आणि दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या कापणे हीच ती रीत. वर सांगितलेला काप तिच्यापासून वेगळा नाही. जवळच्या गावात असे काम जाणणारे वयस्कर कोणी असतील तर पहिल्या वेळी त्यांना मानाने बोलवावे, शेजारी उभे राहून पाहावे आणि दुसरा कोंबडा त्यांच्या देखरेखीखाली स्वतः कापावा.

प्रश्न : कापल्यानंतर कोंबडी जोरजोरात फडफडते आणि पाय झाडते. ती तेव्हा जिवंत असते का? तिला वेदना होत असतात का? मला ते पाहवत नाही.
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : नीट काप गेला असेल, तर ही फडफड शुद्ध हरपल्यानंतरची असते. मेंदूचे नियंत्रण सुटले की पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू स्नायूंना स्वतःहून आज्ञा देत राहतो आणि पंख, पाय आपोआप हलतात. तिच्या जोरावरून वेदनेचा अंदाज बांधता येत नाही.

शुद्धीची खूण डोळ्यांत आणि श्वासात पाहावी. बोटाच्या टोकाने बुबुळाला अलगद स्पर्श केल्यावर पापणी मिटली नाही, आणि शेपटीखालच्या भागाची लयबद्ध हालचाल, म्हणजेच श्वासोच्छ्वास, थांबलेला असेल, तर पक्षी शुद्धीत नाही. पापणी मिटली किंवा पक्षी डोके वर उचलू पाहत असेल, तर काप अपुरा आहे आणि तो तत्काळ पुन्हा घ्यायला हवा. ही तपासणी प्रत्येक पक्ष्याच्या वेळी करावी. ती न करता कोंबडी थेट गरम पाण्यात बुडवणे हा या कामातील सर्वांत मोठा अपराध आहे, आणि घाईच्या वेळी तो घडतो.

प्रश्न : आमच्याकडे लहान पक्ष्याची मान मुरगळतात, मोठा असला तर लाकडी ओंडक्यावर ठेवून कोयत्याने मुंडके उडवतात. यांपैकी अधिक चांगले काय?
— एक वाचक, जि. कोल्हापूर

उत्तर : पहिल्यांदा करणाऱ्याला मी दोन्हीही सुचवणार नाही.

मान मुरगळणे किंवा पक्षी डोक्याला धरून गरगर फिरवणे हे निव्वळ क्रौर्य आहे. त्याच्याशी मिळतीजुळती वाटणारी पण वेगळी अशी एक मान्य पद्धत आहे. तीत एका हाताने पाय आणि दुसऱ्याने डोके धरून, मान ताणून आणि मागे वाकवून, कवटी पहिल्या मणक्यापासून एका झटक्यात वेगळी करतात. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमावलीत ती हाताने करण्यास तीन किलोपर्यंतच्या पक्ष्यापुरतीच परवानगी आहे, आणि हात थकला की चूक होते म्हणून एका माणसाने दिवसाला ७० हून अधिक पक्षी मारू नयेत असेही तेथे घातलेले आहे. ही पद्धत जाणकाराने शेजारी उभे राहून, आधी मेलेल्या पक्ष्यावर शिकवायची असते. ती वाचून शिकू नये.

कोयत्याचा घाव जड पात्याने, नेमका आणि एकच पडला तर मृत्यू जलद येतो, तरी तुटलेल्या डोक्यातील मेंदूचे काम काही सेकंद, कधी अर्ध्या मिनिटापर्यंतही, चालू राहिल्याचे प्रयोगांत दिसले आहे. अडचण अशी की घाव पडण्याच्या क्षणी पक्षी डोके हलवतो. घाव फार वर बसला तर मेंदूचा मागचा भाग धडाकडेच राहू शकतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात फ्रूटा गावी १९४५ मध्ये असाच चुकलेल्या घावाचा एक कोंबडा पुढे दीड वर्ष जगला, आणि लोकांनी तो तिकीट काढून पाहिला. मला त्यात कौतुक करण्यासारखे काही दिसत नाही. शिवाय कोयत्याखाली पक्षी धरणाऱ्याची बोटे असतात. नरसाळे आणि धारदार सुरी यांनी हे दोन्ही धोके टळतात.

प्रश्न : घरी कापलेला गावठी कोंबडा दोन तास शिजवला तरी चिवट राहिला. पिसे काढतानाही कातडी जागोजागी फाटली. काय चुकले?
— एक वाचक, जि. अहिल्यानगर

उत्तर : कातडी फाटली ती बहुधा पाणी फार कडकडीत असल्यामुळे. उकळत्या पाण्यात कातडी शिजते आणि पिसांबरोबर निघून येते. पाणी ६० ते ६५ अंश सेल्सिअस हवे. तापमापक नसेल तर उकळते पाणी आणि साधे नळाचे पाणी समसमान मिसळावे. ते या अंशांच्या जवळ येते. पातेले मोठे घ्यावे, नाहीतर पक्षी बुडवताच पाणी निवते. पायांना धरून पक्षी पूर्ण बुडवावा आणि पाणी पिसांच्या मुळाशी जावे म्हणून वरखाली हलवत ४५ ते ६० सेकंद ठेवावा; पंखाचे मोठे पीस सहज निघून आले की लगेच बाहेर काढावा. गावठी आणि वयस्क पक्ष्याला थोडा जास्त वेळ लागतो. राहिलेली बारीक लव जाळावर धरून जाळतात आणि मग हळद चोळून धुतात, ती आपली जुनी रीत उत्तम आहे. ज्यांना कातडी खायचीच नाही त्यांनी गरम पाण्याच्या भानगडीत न पडता पिसांसकट कातडी सोलून काढावी.

साफ करताना दोनच ठिकाणी जपावे लागते. गुदद्वाराभोवती गोल काप घेताना आतडे कापले जाऊ नये, आणि कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटू नये. ती फुटली तर लागलेला भाग कडू होतो आणि धुऊनही सुधारत नाही. शेपटीच्या बुडाशी वरच्या अंगाला असलेली तेलाची गाठ कापून टाकावी. पेटा चिरून आतील खडे आणि पिवळे अस्तर काढावे. कच्च्या कोंबडीवर नळाची धार सोडू नये, कारण उडणाऱ्या तुषारांबरोबर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर जातात. भांड्यातील पाण्यात धुवावी आणि ते पाणी जपून ओतावे.

चिवटपणाची कारणे दोन आहेत. एक वय : दुकानातील ब्रॉयलर ३५ ते ४२ दिवसांचा असतो, तर परसात हिंडलेला कोंबडा पाच-सहा महिन्यांचा किंवा त्याहून मोठा, आणि त्याचे स्नायू कामाचे असतात. दुसरे कारण लोकांच्या लक्षात येत नाही. मृत्यूनंतर काही काळाने स्नायू ताठरतात आणि कित्येक तासांनी पुन्हा सैल होतात. मधल्या अवस्थेत मांस चुलीवर चढवले तर ते चिवटच राहते. एक तर कापल्या कापल्या लगेच शिजवावे, जसे गावात करतात, किंवा स्वच्छ केलेला पक्षी बर्फाच्या पाण्यात गार करून फ्रिजमध्ये झाकून एक दिवस ठेवावा आणि मग शिजवावा. फ्रिज नसेल तर पहिलाच मार्ग धरावा. आपल्या हवेत मांस बाहेर ठेवून सैल होण्याची वाट पाहणे धोक्याचे आहे. म्हाताऱ्या कोंबडीला मंद आच आणि भरपूर रस्सा हवा, तिचे सुके करण्याचा हट्ट धरू नये.

प्रश्न : आमच्या दहा वर्षांच्या मुलीने एका कोंबड्याला नाव ठेवले आहे आणि तो तिच्या मागे मागे फिरतो. आषाढ संपण्यापूर्वी तो कापायचे घरात ठरले आहे. तिला मामाकडे पाठवून काम उरकावे आणि कोंबडा पळून गेला असे सांगावे, असे घरच्यांचे म्हणणे आहे. ते योग्य आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. मुलांना खोटे पुढे कळतेच, आणि मग कोंबड्याबरोबर घरच्यांवरचा विश्वासही जातो. तिला आधी, शांतपणे आणि सोप्या शब्दांत सांगावे की हा कोंबडा घरात खाण्यासाठी पाळलेला आहे, तो कधी कापला जाईल आणि त्याला त्रास होऊ नये म्हणून आपण काय काय करणार आहोत. ती रडेल, रडू द्यावे. तिने पाहावे असा आग्रह धरू नये, आणि तिला स्वतःहून थांबायचे असेल तर तेही चुकीचे नाही, मात्र काम करणाऱ्याचा हात सरावलेला हवा. जेवायला नको म्हणाली तर तिला दुसरे काही वाढावे आणि त्यावरून तिची थट्टा कोणी करू नये.

या एका कोंबड्यापुरता माझा सल्ला याहून वेगळा आहे. घरात एकाहून अधिक नर असतील तर तो राहू द्यावा आणि दुसरा निवडावा. कळपाला एक नर लागतोच, आणि माणसाळलेला, अंगावर न येणारा नर ठेवणे हे कोंबड्या पाळणाऱ्याच्याही हिताचे आहे. पुढच्या पिल्लांच्या वेळी मात्र नाव कोणाला ठेवायचे आणि कोणाला नाही, हे तिच्याशी आधी बोलून घ्यावे.

प्रश्न : दोन कोंबड्या मलूल झाल्या आहेत, पातळ हिरवी विष्ठा करतात. मरण्याआधी कापून खाल्ल्या तर निदान वाया जाणार नाहीत, असे शेजारी म्हणतात.
— एक वाचक, जि. परभणी

उत्तर : कापू नका आणि खाऊ नका. ही लक्षणे मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची असू शकतात, आणि बर्ड फ्लूचीही. महाराष्ट्रात २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला, आणि जानेवारी २०२१ मध्ये तुमच्याच जिल्ह्यातील मुरुंबा गावी तो पुन्हा आढळला. बर्ड फ्लूच्या बाबतीत खरा धोका शिजवलेल्या मांसापेक्षा कापताना, पिसे काढताना आणि आतडी हाताळताना असतो. आजारी पक्षी वेगळे ठेवावेत, हात साबणाने धुवावेत, मुलांना दूर ठेवावे आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला आजच कळवावे. एकाएकी अनेक पक्षी दगावले, तुरे निळसर पडले किंवा परिसरात कावळे मरून पडलेले दिसले, तर मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने स्पर्शही करू नये.

औषध चालू असलेला पक्षी बरा दिसू लागला म्हणून लगेच कापू नये, हेही याच ओघात सांगतो. औषध बंद केल्यावर किती दिवस मांस आणि अंडी खाऊ नयेत, हे वेष्टनावर छापलेले असते; वेष्टन नसेल तर औषध देणाऱ्या पशुवैद्यकाला विचारावे.

प्रश्न : घरी कोंबडी कापणे कायद्याने चालते का? आमच्या बचत गटाला कापलेली गावठी कोंबडी विकायची आहे.
— एक वाचक, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा अन्नासाठी प्राणी मारण्याला गुन्हा मानत नाही, त्याच्या ११ व्या कलमात तशी स्पष्ट सूट आहे, मात्र मारताना किंवा मारण्याच्या तयारीत अनावश्यक वेदना वा यातना दिल्या गेल्या तर ती सूट राहत नाही. त्याच कलमानुसार यातना होतील अशा रीतीने प्राणी वाहून नेणे हाही गुन्हा आहे, म्हणून मोटारसायकलला उलट्या टांगलेल्या कोंबड्यांकडे केवळ रूढी म्हणून पाहता येणार नाही. धर्माने सांगितलेल्या रीतीने मारण्याला २८ व्या कलमात सूट आहे. राखणदार देवाला राखणीचा कोंबडा देणाऱ्यांनीही धार आणि काप यांचे पथ्य पाळायला काहीच आडकाठी नाही. नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्या हद्दीत प्राण्यांच्या कत्तलीसाठी २००१ चे वेगळे नियम आहेत, तेव्हा शहरात राहणाऱ्यांनी आधी स्थानिक कार्यालयात चौकशी करावी.

विक्री हा मात्र अन्नव्यवसाय ठरतो. गटाला २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागेल. २०११ च्या नियमांप्रमाणे दिवसाला ५० पक्ष्यांपर्यंत कापणारा व्यवसाय लहान गणला जातो आणि त्याला पूर्ण परवान्याऐवजी नोंदणी पुरते. नोंदणीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. अर्ज करण्यापूर्वी कापण्याची, पिसे काढण्याची आणि मांस गार करण्याची जागा एकमेकींपासून वेगळी करावी, बर्फाची किंवा फ्रीजरची सोय करावी आणि आतडी-पिसे कोठे जाणार हे ठरवावे. रक्त आणि पिसे कंपोस्टमध्ये चांगली कुजतात आणि त्यांच्यात नत्र भरपूर असते. आतडी मात्र दोन-तीन फूट खोल खड्ड्यात, विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, वर चुना टाकून पुरावीत, म्हणजे कुत्री आणि मुंगूस ती उकरणार नाहीत.